उकळू नये

प्रसेनजित हॅम्बुर्गहून आला
तेव्हा आमच्यासाठी त्याच्या बॅगेत
दार्जिलिंगचा चहा होता.

आई म्हणाली, "एवढ्या लांबून
आपलाच चहा?"

डबा हिरवा, झाकण घट्ट,
चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं.
वर डोंगर, डोंगरावर एक बाई,
पाठीवर टोपली, बाईला तोंड नाही,
रंगाचा एक ठिपका, तिळाएवढा.
खाली शंभर ग्रॅमची किंमत.
दादानं तिचे रुपये करून सांगितले नाहीत.
मीच रात्री मोबाईलवर केले
आणि गप्प झोपलो.

मानवतच्या बसस्टँडसमोर आमचा गाडा.
पाथरीची पहिली गाडी लागायच्या आत
पहिलं आधण, बत्तीस वर्षं.
पत्ती परभणीहून आणतो, खुली, किलोवर,
दाणा कमी, भुकटी जास्त,
पिशवीत हात घातला की बोटांच्या रेघांत बसते.
आई म्हणते, "चहा कसा पाहिजे,
ओठाला चिकटला पाहिजे."

दादा सांगत होता:
तिकडं एक दुकान आहे, नुसतं चहाचं,
भिंतभर डबे, डब्यांवर बागांची नावं,
मार्च लागला की लोक विचारत येतात
पहिली तोड आली का,
आपल्याकडं केशर आला का विचारतात तसं.
म्हातारी माणसं कप नाकाशी धरून
डोळे मिटून बसतात.
"कामून?" आई म्हणाली,
"झोप यायली का त्यायला?"

मग त्यानं डब्यामागचं वाचून दाखवलं.
पाणी उकळून जरा निवू द्यावं.
पत्ती तीनच मिनिटं.
दूध नाही, साखर नाही.
पत्ती उकळू नये.

"न उकळता चहा?
मंग मी बत्तीस वर्षं काय केलं रे?"

केला. काचेच्या ग्लासात,
हरभरे भिजवलेल्या पाण्याच्या रंगाचा.
पंक्चरवाल्या मुंजाजीनं एक घोट घेतला,
"वहिनी, पत्ती टाकायची राह्यली."
आईनं अर्धा प्याला, अर्धा ठेवून दिला
बिस्किटांच्या बरणीमागं.
दादा काही बोलला नाही.
तीन मिनिटं त्यानं घड्याळ लावून मोजली होती.

तो गेला. डबा फळीवर राहिला.

एका रात्री पिशवी झटकली तरी भुकटी निघेना.
गंगाखेडची शेवटची गाडी लागलेली,
ड्रायव्हर शेख मैनोद्दीन
तोंडावर पाणी मारून गाड्याशी उभे.
आईनं माझ्याकडं बघितलं.
मी दुसरीकडं.

चमच्याचा दांडा. झाकण.
लांब वळलेली पानं, काही अजून हिरवी,
काहींच्या टोकाला पांढुरकी लव.
आईनं मूठ भरली आणि थांबली.
"बाई गं, एकेक पान खुडलंय हातानं..."
हे कोणाला, त्या ठिपक्याला की आणखी कोणाला,
"तुपल्या घरी तरी उकळता का नाही?"

मग आलं ठेचलं, साखर, म्हशीचं दूध,
आणि मूठ सगळी पातेल्यात.
दोनदा वर आला, दोनदा खाली बसवला.

मैनोद्दीनचाचांनी बशीत ओतला, फुंकर घातली.
"आज हलका झालाय, भाभी."
बशी रिकामी केली, जरा वेळ तशीच धरली.
"पण वास...
हुरड्याच्या दिवसात रात्री गाडी नेताना
रानातून येतो तसा."
पैसे ठेवले, हॉर्न दिला, गेले.

शनिवारी दादाचा व्हिडिओ कॉल आला.
"आई, चहा संपला का?"
"पुरवून पुरवून पितो रे,"
आई म्हणाली,
आणि मोबाईलपुढचं पातेलं
हळूच बाजूला सरकवलं.