सातवा दोरा

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी
मी लोकरीचे दोन गुंडे टेबलावर ठेवते,
एक लाल, एक पांढरा.
यंदा मुलं सात.
मी या बालवाडीत लागले तेव्हा एकतीस होती
आणि गावातल्या विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी चार.
आता घरटी अकरा आहेत.

एक टोक मुलाच्या चिमटीत, एक माझ्या.
ते त्यांच्या बाजूनं पिळतात, मी माझ्या,
मग मधोमध दुमडलं की दोरा आपसूक
स्वतःलाच मिठी मारतो.
झोर्नित्साचा पीळ दरवर्षी उलटा.
"बाई, माझा दोरा रुसला."
रुसू दे गं. महिनाच रुसव्याचा आहे.

मग गोष्ट, मार्ता आजीची:
जानेवारी नि फेब्रुवारी, तिचे दोघे भाऊ,
तिच्या वाटणीची वाइन पिऊन बसतात,
आणि आजी घटकेत हसते, घटकेत फणकारते,
म्हणून तर डॅन्यूबवर सकाळी ऊन, दुपारी गारा.
पुस्तकाला शेवटचं पान नाही.
ते देनित्सानं फाडलं, पाच वर्षांची असताना,
याच चटईवर,
आणि कुठे लपवलं ते काही केल्या सांगितलं नाही.
तेव्हापासून शेवट मुलंच करतात.
कालिनची आजी भावांना पोलिसांत देते.
झोर्नित्साची आजी वाइन सोडून लिंबूसरबतावर येते.
ओग्न्यान म्हणाला, "आजी फोन उचलत नाही,"
आणि खडू डबीत परत ठेवला.

ओग्न्यान देनित्साचा मुलगा.
देनित्सा व्हॅलेन्सियात
कुणा म्हाताऱ्या बाईला न्हाऊ घालते, भरवते,
रात्री दोनदा उठून कूस बदलून देते.

नियम सोपा: मनगटावर दोरा बांधायचा,
करकोचा दिसला की सोडायचा
आणि फुललेल्या झाडाला द्यायचा.
कालिनला पहिल्याच आठवड्यात नऊ करकोचे दिसले,
पैकी एक प्लास्टिकची पिशवी, एक डिश अँटेना
आणि बाकी मेयरबाईंचं वाळत घातलेलं धुणं.
ओग्न्याननं विचारलं,
"करकोचे स्पेनवरून येतात ना?"
मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं:
नाईल, मग इस्तंबूल, मग आपण.
बोट खरं बोलून गेलं.
जरा वळवलं असतं तर काय बिघडलं असतं!
पृथ्वी गोल आहे हे मीच शिकवते.

सव्वीस तारखेला, जेवणाच्या वेळी,
शाळेसमोरच्या खांबावर चोचींची खडखड.
सहा जण खिडकीशी. सुपाचा एक वाडगा उलटा.
ओग्न्यान भिंतीकडे तोंड करून,
डोळ्यांवर तळवे घट्ट,
भिंतीलाच सांगत होता,
"मी नाही पाहिला. मी अजून नाही पाहिला."

अंगणातल्या आलुबुखाराला सहा दोरे बांधले.
वरच्या ऑफिसच्या तक्त्यात 'उपक्रम पूर्ण'
या चौकोनात मी बरोबरची खूण केली.
सातपैकी सहा.
चौकोनाला तेवढं पुरतं.

अकरा घरट्यांच्या गावात
न बघता चालणं सोपं नाही.
एप्रिलभर, मेभर तो बुटांकडे बघत आला, बघत गेला.
वाटेतला प्रत्येक दगड त्याला पाठ,
चेरीची पडलेली पहिली बी त्यालाच सापडली,
गोगलगायी त्याच्याच.
त्याच्या आजोबांना वाटलं, पोराची मान दुखतेय.
त्यांनी ब्रँडी चोळली.

आज जून. दुपारची झोप.
पडदे ओढलेले, सहा श्वास एका लयीत.
तो अनवाणी माझ्या खुर्चीपाशी आला,
मनगट पुढे केलं: "तुटतोय."
लाल उतरून गुलाबी झालेला,
पांढरा कधीचाच राखेच्या रंगाचा,
एका जागी फक्त दोन तंतू उरलेले.
पीळ मात्र जसाच्या तसा.

नियम माझाच आहे.
मी गाठ मारली.
तो हलला नाही, म्हणून आणखी एक.
बाहेर खांबावर पिल्लं चोची वाजवत होती,
आणि आम्ही दोघंही
गाठीकडेच बघत होतो.