ब वर्गाचं पाणी

मेनाईच्या सामुद्रधुनीतल्या आमच्या पाण्याला
कागदावर 'ब' मिळालेला आहे.
म्हणजे शिंपले खायचे तर आधी
दोन दिवस नितळ पाण्यात ठेवून धुवायचे.
एवढंच.
शाळेत हेविनलाही सगळीकडे 'ब'च असायचा,
म्हणून त्याला कुणी वेशीबाहेर उभं केलं नव्हतं.

हे धुणं व्हायचं पलीकडे, हॉलंडात.
रविवारी रात्री आम्ही पोती भरायचो,
मंगळवारी मारिनसचा फोन:
"पोचले. जिवंत. तोंडं घट्ट मिटलेली."
आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

मग मतदान झालं.
मीही केलं.
कुठल्या चौकोनात फुली मारली
ते हेविनने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

जानेवारीत दाखल्यासाठी कचेरीत फोन लावला.
पाण्यात काही बिघडलंय का?
नाही, बाई.
शिंपल्यांत?
नाही. पण तुम्ही आता तिसरा देश झालात.
तिसऱ्या देशाचे न धुतलेले शिंपले आत घेत नाहीत.
पहिला कोणता, दुसरा कोणता,
हे विचारायचं राहूनच गेलं.

इथेच धुवायचे तर हौद हवेत, पंप हवेत,
बँकेतला तरुण मुलगा चहा छान देतो.
इथेच विकायचे तर खाणार कोण?
आमच्या गावात शिंपला म्हणजे गळाला लावायचं आमिष.
हेविनने बाजारात मोठं पातेलं मांडलं,
लीक घालून, लोणी घालून, फुकट.
पोरांनी नाकं मुरडली. पाद्रीबुवांनी दोन खाल्ले.

होडी धक्क्याला.
खाली शिंपले वाढताहेत, एकमेकांच्या उरावर,
कुणी काढत नाही म्हणून.
तारामासे मात्र गब्बर झालेत.
त्यांना दाखला लागत नाही.

परवा मारिनसचा फोन आला, मंगळवारीच.
कामाचं काही नव्हतं.
तिकडे पाऊस आहे म्हणाला, इकडे?
इकडेही, म्हटलं.
माल आता डेन्मार्कहून घेतो, हे त्यानेच सांगितलं,
चोरी कबूल करावी तसं.

फोन ठेवला तेव्हा चुलीवर आमच्या दोघांपुरते
किलोभर शिंपले उकळत होते.
झाकण काढलं.
सगळ्यांनी तोंड उघडलेलं, एक सोडून.
शिजूनही न उघडलेलं खाऊ नये, असा नियम.
हेविन म्हणाला, टाकून दे ते.
मी टाकलं नाही.
माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं
आणि जेवत राहिले.