मिशी गेली, नाक आहे

अतबरात सिनेमाला छप्पर नव्हतं.
चुना फासलेली भिंत, लोखंडी खुर्च्या,
वर उघडं आभाळ,
आणि रेल्वे कारखान्याचा भोंगा,
जो नेमका नायिकेच्या हुंदक्यात घुसायचा.

गुरुवारी हिंदी पिक्चर.
हिंदी कुणालाच येत नसे.
तळाशी अरबी अक्षरं पळायची,
पण तिथलाच पोपडा उडालेला,
म्हणून दर ओळीतले दोन शब्द खड्ड्यात.

हसू तीन हप्त्यांत यायचं.
आधी पुढची पोरं, त्यांना नुसता चेहरा पुरे.
मग मास्तर, कारकून, तिकीट तपासनीस, वाचून.
शेवटी बायकांची बाजू,
जिथं नऊ वर्षांचा मी
आई सित्तनाला आणि तिच्या चार मैत्रिणींना
कुजबुजत वाचून दाखवायचो.
मजुरी: मूठभर कलिंगडाच्या भाजलेल्या बिया.

अक्षरं पळायची भराभर, मी अडखळत.
सुटलेलं पदरचं घालायचो.

त्या पिक्चरमध्ये एक कारकून
खोटी मिशी लावून
आपल्याच साहेबाचा थोरला भाऊ होतो.
मेजवानी. वाफाळतं सूप.
आणि मिशी सुटते, पडते, तरंगते
होडीसारखी.
आईचं कोपर माझ्या बरगडीत:
काय म्हणाला? अरे, काय म्हणाला तो?
मी म्हटलं, म्हणाला,
"मिशी गेली, नाक आहे!"

बहजामावशी खुर्चीवरून खाली आली.
पुरुषांच्या रांगांतली डोकी मागं वळली:
आपल्याला न कळलेलं
या बायकांना काय कळलं?

गाण्यांना मात्र खाली अक्षरं नसायची.
अनुवाद करणारा तेवढ्यात
चहा प्यायला जात असावा.
सायकलवरून दोघं निघालेले, मागं बांधलेली बकरी,
क्लॅरिनेट तिची नक्कल करतंय,
आणि कुणीतरी पेल्यांवर चमचा वाजवतंय.
तेव्हा माझी गरज कुणालाच नसे.
मी निवांत बिया फोडायचो.
दुसऱ्या दिवशी तव्यावर किसरा पसरताना
आई तीच चाल धरायची,
शब्द तिचे, कुठल्याच भाषेतले नसलेले.

बापाचं नाव कारखान्याच्या यादीतून कापलं,
त्या रात्री थाळीत नाणी मोजून ती म्हणाली,
मिशी गेली, नाक आहे.
नदीनं अर्धं स्वयंपाकघर नेलं, तेव्हाही.
मी परीक्षेत आपटलो, तेव्हाही.
बहजामावशीचा नवरा गेला,
चौथ्या दिवशी आईनं तिच्या कानात तेच म्हटलं.
मावशीनं तिला फाडकन एक लगावली,
मग हसली,
मग जे रडली ते तिच्याच खांद्यावर.

आज आई नाही. भिंतही नाही.
नात तसाबीह हिनं तो पिक्चर
फोनवर कुठून तरी शोधून आणलाय,
सगळी अक्षरं जागच्या जागी.
माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून ती वाचते.
फोन जगतोय छतावरच्या सौरपाटीवर,
वीज येऊन अकरा दिवस झाले.

मेजवानी. सूप. मिशी.
थांब, म्हटलं. मागं घे.
पुन्हा मागं.
तिथं वाक्यच नाही.
माणूस फक्त शिंकतो,
आणि क्लॅरिनेट घसरगुंडीवरून
सुर्रकन खाली येतं.
"आजोबा, इथं काहीच लिहिलेलं नाही."

साठाहून जास्त वर्षं
आमचं घर ज्या ओळीवर उभं होतं,
ती एका पोरानं
आईला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही
म्हणून मारलेली थाप होती.

तरी मी विचारलंच,
बहुतेक आईच्याच आवाजात,
मग काय म्हणाला तो?

तसाबीहनं पडद्याकडं पाहिलंसुद्धा नाही.
"काय म्हणणार? मिशी गेली, नाक आहे."

फोनमध्ये चार टक्के उरले होते.
गाणं लागलं,
बकरी, सायकल, चमचा.
खाली अक्षरं अजूनही नव्हती.