मिलिसेकंदाला एक फूट

गळतग्याच्या माळावर, कुस्त्यांच्या आदल्या दुपारी
दस्तगीर केबल अंथरत होता, पायानं ढेकळं चुकवत,
आणि इराण्णा गोकाकहून आणलेली भिंत पेटवत होता
चौकटीला चौकट जोडून,
ऊन डोक्यावर असताना.

तम्माण्णाला म्हटलं, हलगीवर काडी मार.
एकच. घाई नको.
कडाडली.
मग भिंतीवरच्या तम्माण्णानं हात खाली आणला.
स्वतःकडं बघून तो हसला, तेही उशिरा,
म्हणाला, माझ्या आधी माझी हलगीच पोचली की हो!

कॅमेरा एक फ्रेम खातो, मिक्सर एक,
भिंतीचं मशीन दोन.
एकशेसाठ मिलिसेकंद.
चित्राला मागून ढकलता येत नाही.
आवाजालाच धरून ठेवायचं,
दारात, खांद्यावर हात टाकून:
थांब जरा, तो चप्पल घालतोय.

इराण्णा कानडीत, मी मराठीत, बटण एकच.
इन्नू स्वल्प, तो म्हणाला. फिरवलं.
इन्नू स्वल्प.
साकु.
काडी आणि कडाड एका जागी बसले,
खुंटीवर टोपी बसावी तसे.
आम्ही दोघांनी एकाच बाटलीतलं पाणी प्यालं.

दुसऱ्या दिवशी तिसरी जोड सुटली आणि
दुंडाप्पा वस्ताद काठी टेकत माझ्या टेबलापाशी आले.
हौद्याच्या काठावर बसणारे, भिंतीकडं पाठ करून.
पोरानं मांडीवर शड्डू ठोकला तिकडं, म्हणाले,
आणि आवाज येतोय शिळा.
कालचा शड्डू ऐकवतोस काय रे आम्हाला?

वस्ताद बरोबर होते.
इराण्णाही बरोबर होता.
मी हेडफोन गळ्यात टाकून चालत सुटलो,
हौद्यापासून सरळ मागं, पावलं मोजत, माणसं ओलांडत.
हवेचा हिशेब तोंडपाठ:
मिलिसेकंदाला एक फूट, वर थोडं.

एकशेऐंशी फुटांवर, मंडक्की-भज्यांच्या गाड्यापाशी,
आवाज आपसूक तेवढाच उशिरा पोचतो
जेवढं चित्र उशिरा.
तिथं कुणी काही केलं नाही तरी जुळतं.
मी थांबून राहिलो.
गाड्यावरची बाई म्हणाली, मिरची का कांदा?

परत आलो. पुढचे स्पीकर शून्यावर आणले, मोकळे.
गाड्याजवळच्या मनोऱ्याला एकशेसाठ.
राहिले मधले.
शंभर फुटांच्या आसपास बसलेले,
ज्यांना डोक्यांच्या फटीतून हौदा दिसतो, अर्धा,
आणि मान वळवली की भिंत, आख्खी.
त्यांना आवाज मातीपेक्षा उशिरा,
चित्रापेक्षा आधी.
त्यांच्यासाठी माझ्याकडं आकडा नव्हता.
भोंग्यावर एकदा कानडीत, एकदा मराठीत नावं पुकारली
तेव्हा ते दोन्ही वेळा टाळ्या वाजवत होते.

तिथंच लगमण्णाची आई बसलेली.
पदराचं टोक दातात, डोळे गच्च मिटलेले.

शेवटच्या कुस्तीला लगमण्णानं ढाक लावली.
पुढचे उठले, ओरडले.
भिंतीवर समोरचा पैलवान अजून उभाच होता,
पडायचा राहिलेला.
आईनं डोळे उघडले नाहीत ओरड्यानं,
भिंतीच्या उजेडानंही नाहीत.
शेजारणीनं मनगट दाबलं, तेव्हा उघडले.

कमिटीवाला म्हणाला, पैसे तंबाखू उचलल्यावर.
गेल्या सालचे? तेही त्यातच.
या उशिराला बटण कुठल्या टेबलावर असतं
ते अजून सापडलेलं नाही.

रात्री टेम्पो भरत होतो.
मिरवणूक वाडीच्या रस्त्याला लागलेली,
ट्रॅक्टरच्या दिव्यात तम्माण्णाची काडी खाली येताना दिसायची,
मग काहीच नाही,
मग कडाड.
चारशे फूट, दस्तगीर म्हणाला, केबल कोपरावर गुंडाळत.
सहाशे.
आता नऊशे असतील, अण्णा.
माझी बोटं उगाच हवेत, पँटीला पुसली.

वळणावर दिवा गेला.
हलगी अजून येत होती.