देणगीदार

घणसोलीला गावदेवीची भिंत रंगवतोय.
हसुराम म्हणाला, आमचा आबा पण काढ,
कोपऱ्यात, लहानसा, हात जोडलेला.

आबा मिठागरावर राबला. फोटो एकही नाही.
जमीन गेली, साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला,
मग चेहरा हवासा झाला.

कॉलेजात सरांनी स्लाइड दाखवलेली :
फ्लॉरेन्सचा लोकरवाला, देवमातेच्या पायाशी,
अंगठ्याएवढा.
पुढच्या स्लाइडमध्ये दुसरा कुणी, शंभर वर्षांनंतरचा,
तिच्या खांद्याला लागलेला.
सर नुसते हसले होते.

नाक मी हसुरामचंच घेतलं, कानही.
पायांशी अडलो.
बूट घाल, हसुराम म्हणाला.
भेगा काढ, म्हातारी म्हणाली, मिठानं फुटलेल्या.

घोट्यापर्यंत पाणी काढलं.
म्हातारीनं ओल्या रंगाला बोट लावलं,
चाटून पाहिलं.