तिसरा रकाना

लॉगबुकात तीन रकाने असतात:
पाहिलं, हाताखाली केलं, स्वतः केलं.
तिसऱ्यात माझ्या आठ नोंदी.
आठवी सतरा मार्चची. डावा डोळा, मोतीबिंदू.
मागून बच्छाव मॅडम म्हणाल्या होत्या,
"मनगट सैल सोड, केदारे."
त्याखाली पान कोरं,
आणि कोऱ्यावर चहाच्या कपाचं एक वर्तुळ.

नेत्रविभागाला कुलूप लागलं.
मायक्रोस्कोपवर निळं प्लास्टिक चढवलं
आणि ज्याला जे व्हायचं होतं ते तिथंच ठेवून
सगळ्यांना खालच्या वॉर्डात पाठवलं.
मुबीन हाडांचा. ड्रिलऐवजी त्याच्या हातात
सिलिंडरचा पाना आला.
"आटे तेच," म्हणायचा, "उजवीकडे घट्ट."
त्र्यंबक नाक्यावर रुग्णवाहिकांशिवाय काही वाजत नव्हतं.

खोलीवर मी द्राक्षं सोलायची.
हसू नका.
भिंगाच्या पिशवीला चीर देऊन गोल फाडायचं असतं,
गराला धक्का न लावता.
एरवी बकऱ्याचे डोळे मिळत,
पण भद्रकालीतली दुकानं बंद,
आणि त्या वर्षी नाशकात द्राक्षं नको म्हटलं तरी येत.
पिंपळगावच्या मावशीनं आख्खं क्रेट धाडलं.
पाळी संपवून, अंघोळ करून,
टेबललॅम्पखाली रोज वीस.
फाटलेली खाऊन टाकायची.
त्या महिन्यात मी पुष्कळ द्राक्षं खाल्ली.

वाफ धरलेल्या चष्म्याआडून
शीर बोटानं शोधायला शिकले.
ओठांच्या रंगावरून यंत्रावरचा आकडा सांगायला.
आणि फोन करायला: आधी नाव, मग नातं,
मग बसलाय का तुम्ही, मग.
हे कोणी शिकवलं नाही. याला रकाना नाही.

एकदा पहाटे चारला
सतरा नंबरच्या काकांचे डोळे मिटताना
सवयीनं आधी टॉर्च मारून पाहिलं.
उजव्यात पिकत आलेला मोतीबिंदू होता.
सहा महिन्यांत काढावा लागला असता.

सीनियरांची परीक्षा तीनदा पुढे गेली.
ते जाईनात, नवे येईनात,
आम्ही मधल्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टमध्ये.
मॅडम जुलैत निवृत्त झाल्या.
निरोप मोबाइलवर. त्यांचा माइक बंद होता
आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही.
बराच वेळ त्या काहीतरी सांगत होत्या,
मनगट हलवून दाखवत.

पुढच्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर,
पेठहून यशोदाबाई गांगुर्डे आली.
पिशवीतून कार्ड काढलं. तारीख चोवीस मार्च,
दीड वर्षापूर्वीची. घडीवर चिकटपट्टी.
"उशीर झाला मला," म्हणाली,
जणू तिलाच झाला होता.
तोवर मोतीबिंदूची गारगोटी झालेली.
अशा डोळ्यात द्राक्षांचा अनुभव चालत नाही.

"शिकून झालं का बाई तुझं?"

वर बघा, म्हटलं. थेंब टाकले.
प्लास्टिकचा एक निळा तुकडा
मायक्रोस्कोपच्या मानेला अजून चिकटलेला होता.
नखानं खरवडला. सगळा निघाला नाही.
नवे सर मागे उभे होते, काही बोलले नाहीत.
मी थोडा वेळ थांबले,
कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.