दहा फूट खाली

धनपालनं आधी आकडे मांडले,
मग वही माझ्यापुढे सरकवली,
गटाचा हिशेब मीच लिहिते म्हणून.
जेसीबी, तासाला अकराशे.
सहा इंची पाइप, दोनशे फूट.
एल्बो, जाळी, पंखा, मिस्त्री.
बेरीज: एक लाख अठरा हजार.

कूलर साडेसहा हजारांचा.
दरसाल नव्या ताट्या, टाकीत रोज आठ गुंड पाणी,
अन् नळ येतो तिसऱ्या दिवशी.
मी भागाकार केला.
पैसे फिटायला सतरा वर्षं.
तेव्हा मी अठ्ठ्याहत्तरची.
"म्हणजे गारवा तुले, अन् राख माही."
तो हसला नाही.

मे महिन्यात सांदवाडी खणली.
चार फूट काळी माती, मग मुरूम,
मग काहीतरी पिवळं, ओलसर,
ज्याला आमच्याकडे नाव नाही.
दुपारी रज्जाकनं मशीन बंद केली
अन् डबा घेऊन खड्ड्यात उतरला.
तास झाला, वर येईना.
हाक मारली तर खालून म्हणाला,
"बाई, अठी तं फेब्रुवारी चालू हाये."

चार वाजता ननावऱ्यांची सून
लेकराला घेऊन शिडीनं उतरली.
मग मीही.
सासरे पेवात उतरायच्या आधी
कंदील सोडत दोरीनं,
विझला तर थांबायचं.
आतली ज्वारी मुठीत गार लागायची.
म्हणजे आम्हाला ठाऊक होतं,
फक्त माणसासाठी कोणी खणलं नव्हतं.

आता दोन वर्षं झाली.
बिल कमी येतं, धनपाल म्हणतो त्याच्या निम्म्यानं.
लाइन गेली की पंखा थांबतो,
गारवा खालीच बसून राहतो, सरकारी बाबूसारखा.
श्रावणात पाइपला कुबट वास येतो.
एकदा बैठकीत भिंतीतून बेडूक ओरडला
पाव्हण्यांसमोर, स्थळ पाहायला आलेल्या.

पण जानेवारीच्या पहाटे
त्याच तोंडातून कोमट श्वास येतो.
मांजर तिथून हलत नाही.
ननावऱ्यांची म्हातारी गुडघे घेऊन येते,
बसते, काही बोलत नाही, जाते.
हे वहीत कुठं लिहायचं?
जमेला रकाना आहे,
गुडघ्यांना नाही.

परवा रज्जाकचा फोन आला.
वरोऱ्याची दोन गिऱ्हाइकं विचारतात,
परवडते का?
मी म्हटलं, सतरातली दोन गेली.
बेडकाचं सांगितलं नाही.